वरचे दांडे अठरा इंच

टुलेरी, ११ फेब्रुवारी २००३

नेलिया,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षं आठ महिन्यांनी. त्यात माझ्या तब्येतीवर एक ओळ, आईच्या तब्येतीवर चार आणि मागचा अ‍ॅक्सल चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर दोन पानं. प्रमाण योग्य आहे. कामासाठी लिहिलंस हे बरं केलंस. नुसतं रडायला लिहिलं असतंस तर उत्तर आलं नसतं.

तुझं चित्र परत पाठवतोय. लाल शाईत आहे ते माझं. घाबरू नकोस, सगळंच लाल नाही. खाली डाव्या कोपऱ्यात तू स्वतःचं नाव लिहिलंयस, ते बरोबर आहे.

मला कळलं ते असं : तू आणि तुझा एफ्रेन, दोघांनी मिळून फीनिक्सला गॅरेज टाकलंय. पाटीवर त्याचं नाव आधी, तुझं नंतर. एप्रिलच्या गाड्यांच्या प्रदर्शनात तुझी जुनी माझदा पिकअप उभी राहणार, मागचं सगळं काम तुझ्या एकटीच्या हातचं. ते बघून लोक गाड्या आणून देतील अशी आशा. मग जूनच्या फेस्ताला, आपल्या पोर्तुगीज जत्रेला, तीच गाडी साडेपाचशे मैल हाकत तू टुलेरीला येणार, आईला भेटायला. ‘आणि पप्पा, तुम्हाला चालणार असेल तर तुम्हालाही.’ मला चालेल की नाही ते तुझ्या वेल्डिंगवर ठरेल.

तू लिहितेस, त्या वर्षीच्या फेस्ताला आपल्या लोकांच्या हॉलच्या आवारात मी जे केलं ते तू विसरायचा प्रयत्न करतेयस. कशाला विसरतेस? फुकटात मिळालेला धडा होता. सूप जेवून चाळीस माणसं बाहेर आली होती, तुझी गाडी चाकांवरच्या पिशव्यांतली हवा सोडून, पोट टेकून ऐटीत बसली होती, सगळे वाहवा करत होते. मी ती वर घ्यायला लावली, टेप घेऊन खाली शिरलो आणि चुका वाचून दाखवल्या. मोठ्यानं वाचल्या, कारण मागच्यांना ऐकू येत नव्हतं. अकरा होत्या. तू नववी चूक ऐकूनच निघून गेलीस, म्हणून उरलेल्या दोन लिहितो : डावी पट्टी गुण्यात नव्हती, आणि उजव्या बुशाचा नट हाताने फिरत होता.

पहिली चूक तर आपल्याकडे सगळेच करतात. गाडी जमिनीवर टेकवायची आणि तशीच दांडे बसवायचे. का, तर फोटो जमिनीवर टेकलेल्या गाडीचा निघतो, आणि फोटोत चाक कमानीच्या बरोब्बर मध्ये दिसायला हवं. अरे, पण चालवताना? गाडी चार इंच वर उचलली की चाक सरकलं, कोन बिघडले, शाफ्ट थरथरायला लागला. फोटोवाला निघून जातो, शाफ्ट तुमच्याकडे राहतो.

आकडे मागतेस. देईन. आधी तीन प्रश्नांची उत्तरं दे, पुस्तकात न बघता. एक : अ‍ॅक्सल कुठल्या उंचीला बांधायचा? दोन : वरचा दांडा खालच्यापेक्षा फार आखूड का असू नये? तीन : पक्कं वेल्डिंग कधी?

आई विचारतेय, खाली दोन ओळी लिहू का. कागद संपला.

हर्मीनियो टोस्ते


टुलेरी, ४ मार्च

नेलिया,

पहिलं उत्तर बरोबर. चालायच्या उंचीला. शब्द जास्त वापरलेस.

दुसरं बरोबर. दोन्ही दांडे लांबीला जवळपास सारखे असले तर गाडी वर-खाली होताना डिफरन्शियलचं नाक एकाच दिशेला बघत राहतं. वरचा आखूड असला तर नाक मान टाकतं आणि शाफ्टचा सांधा आवळतो. ‘मान टाकतं’ हा माझा शब्द आहे. तू तो वापरलास, मला आवडलं असं नाही, पण लक्षात आलं.

तिसरं अर्धं बरोबर. आधी वेल्डिंगचे नुसते टाके, मग पिशव्यांतली सगळी हवा सोडून गाडी तळाला, मग पूर्ण हवा भरून वर, मगच पक्कं. हे तू लिहिलंस. का, ते लिहिलं नाहीस. लिहून ठेव : कारण लोखंड खोटं बोलत नाही, कागद बोलतो.

आता काम. अ‍ॅक्सल चालायच्या उंचीला टेकव. चासीच्या मध्यावरून ओळंबा सोड. डाव्या चाकाचं आणि उजव्या चाकाचं पुढच्या चाकापासूनचं अंतर सारखं आलं पाहिजे. एक सूत, इंचाचा आठवा भाग, एवढाही फरक मी चालवून घेत नाही. एफ्रेनला टेप धरायला दे, वाचायला देऊ नकोस. परवा तुझा चुलतभाऊ गिल सांगत होता, तुझा नवरा बोलायला फार गोड आहे. गोड माणसाच्या हातात टेप दिला की तो समोरच्याला आवडेल तोच आकडा वाचतो.

खालचे दांडे : चोवीस इंच, बुशाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. सरळ, समपातळीत.

वरचे दांडे : अठरा इंच, तिरपे.

अठरा वाचून तू दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवशील. दाखवू नकोस. या माझदाच्या टाकीपुढे जागा नाही, आणि खालचे समपातळीत असले की अठरा चालतात. मी तीन गाड्यांवर केलेत, तिन्ही अजून रस्त्यावर आहेत.

बुश चांगले घे. स्वस्तातले घेतलेस तर मला सांगू नकोस, वास इथपर्यंत येईल.

आईला सांगितलं, तू फेस्ताला येणार. तेव्हापासून ती तुझ्या खोलीच्या खिडक्या पुसतेय. तीन महिने आहेत अजून. काच झिजेल.

ह. टोस्ते


टुलेरी, १९ मार्च. हे टाकायचं नाही.

नेलिया,

हे पत्र टपालात जाणार नाही. केलेल्या कामाची नोंद ठेवायची मला सवय आहे, म्हणून लिहितो.

वरचे दांडे अठरा नाहीत. माझ्या तिन्ही गाड्यांवर एकवीस इंच सात सूत आहेत. माझदाच्या टाकीपुढे भरपूर जागा आहे, हात घालून बघितलंस तर तुलाही कळेल. अठरा मी मुद्दाम लिहिले.

मला कुणी बरोबर आकडा कधी दिला नाही. गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करता करता मी वेल्डिंग शिकलो. ज्याला विचारलं त्याने एकतर हाकललं किंवा चुकीचं सांगितलं. चुकीचं सांगणाऱ्यांचा मी जास्त ऋणी आहे. त्यांच्यामुळे मी स्वतः मापायला लागलो. तूही मापशील की नाही, हे मला बघायचं आहे. मापलंस तर तू कारागीर. नाही मापलंस तर चाळीस काय, चार हजार माणसांसमोर गाडी मान टाकेल, आणि मग पाटीवरून नाव उतरव.

एवढंच कारण, असं मी कालपर्यंत समजत होतो. आज पट्टी कापताना लक्षात आलं की मी मनातल्या मनात तुझा फोन घेतोय. प्रदर्शनात फजिती झालीय आणि तू विचारतेयस, पप्पा, आता काय करू? मी फोनवर अर्धा तास बोलतोय, आणि तू ‘हो’ म्हणतेयस.

आईने आज सांगितलं, येताना तू टेहाचपीच्या घाटातून येणार, गाडी पूर्ण वर उचलून, कारण खाली असली की घाटात पोट घासतं. पूर्ण वर म्हणजे नाक पूर्ण खाली. घाटात तो सांधा तुटला तर शाफ्ट आधी रस्त्यात रुततो, मग गाडी उलटते.

तू टाके मारून बघशीलच. मीच शिकवलंय.


पोस्टकार्ड, २ एप्रिल

नेलिया, तुझं पत्र नाही. पक्कं वेल्डिंग झालं का? झालं नसेल तर आधी गाडी तळाला घे, मग पूर्ण वर घे, आणि नाकाला कोनाचं यंत्र लावून बघ. सांगायची गरज नाही, तरी सांगतोय. ह. टो.


टुलेरी, २८ एप्रिल

नेलिया,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझंच तुला परत लिहून दाखवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला दिसेल.

‘पप्पा, अठरा नाही, बावीस हवे होते. टाके मारून गाडी वर घेतली आणि नाकाने मान टाकली. तुमचा आकडा म्हणून मी दोन दिवस माझ्याच मापात चूक शोधत बसले. मग सगळं कापून परत केलं. अकरा दिवस गेले, प्रदर्शन हुकलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माणूस आहे, चुकतो. मी सगळ्यांना सांगितलंय की मापायला मीच चुकले. तुमचं पोस्टकार्ड नंतर आलं, ते वाचून एफ्रेन म्हणाला, बघ, म्हाताऱ्याच्या मनात शंका आली होती, पण काय चुकलं ते आठवत नसणार. पप्पा, डोळे तपासून घ्या. एकट्याने वेल्डिंग करू नका. इथे खिडकीपाशी तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय. तुम्ही नुसतं बसा, बघा, आम्हाला ओरडा. फेस्ताला येते, तुम्हाला दोघांनाही घेऊन जाते.’

खुर्ची.

तू सगळ्यांना सांगितलंस की चूक तुझी. पण तुझ्या नवऱ्याने माझं पत्र वाचलं होतं. त्याने गिलला फोनवर सांगितलं. आणि माझा पुतण्या गिल म्हणजे काय, टुलेरीचं वर्तमानपत्र. शनिवारी आला, केकचा डबा घेऊन. केक! मी काय आजारी आहे?

“काका, कसं वाटतंय?”

“का रे?”

“नाही, सहज. काका, तुम्ही चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला?”

“तुझ्या गाडीचं मागचं चाक पाव इंच बाहेर आहे,” मी म्हणालो. “इथून दिसतंय. चष्म्याशिवाय.”

तो हसला. लोक लहान मुलाला हसतात तसा. मग बाहेर जाऊन आईशी हळू आवाजात बोलला.

सोमवारी मानुएल बोर्बा आला. आपल्या समोरचा. वीस वर्षं त्याच्या गाड्या मी करतोय. त्याचे दांडे बांधून ठेवले होते. तो खिशातून टेप काढून म्हणाला, “हर्मीनियो, रागावू नकोस हं, एकदा मीपण लावून बघतो. आपलं वय झालं की नाही आता!” आपलं म्हणे! स्वतःची पँट कंबरेला नीट बसवता येत नाही त्याला, आणि तो माझ्या दांड्याला टेप लावतोय. लावलान्. बरोबर आलं. तर काय म्हणाला माहितीये? “वा, अजून जमतंय की!”

अजून.

आई गोड पावाचं पीठ मळत होती. म्हणाली, “लिही ना तिला, चुकलो म्हणून. एक शब्द. पोरगी येतेय, खुर्ची ठेवतेय, आणखी काय पाहिजे तुला?”

“मी चुकलो नाही.”

“अठरा तूच लिहिलेस ना?”

“हो.”

“मग?”

मग मी सांगितलं. तिचे हात पिठातच राहिले. म्हणाली, “टेहाचपीच्या घाटातून येणार होती ती.”

“तिने टाके मारून बघितलं. मला माहीत होतं बघेल.”

“तुला माहीत नव्हतं. म्हणून तर ते कार्ड टाकलंस.” मग हात न धुता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “ऐक. हे तिला कधीही सांगायचं नाहीस. म्हातारा हो. आंधळा हो. तुला काही आठवत नाही, काही दिसत नाही. त्या खुर्चीत बस आणि मरेपर्यंत बसून राहा. ती येतेय, हर्मीनियो. मला दुसरं काही नको.”

मी आठ दिवस प्रयत्न केला. खरंच केला. सकाळी गॅरेज उघडायचं, आलेल्याने टेप काढायचा, मी तोंड दुसरीकडे करायचं. तुला उत्तर लिहायला बसलो : ‘चुकलो.’ एवढा एक शब्द कागदावर होता, आणि माझ्याकडून त्याच्याखाली सही होईना. चूक मी आजवर केली नाही असं नाही. पण ही मी केलेली नाही, आणि न केलेल्या कामावर मी माझं नाव घालत नाही.

तेव्हा नीट वाच. माझे डोळे ठीक आहेत. स्मरण ठीक आहे. वरचा दांडा एकवीस इंच सात सूत, हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. मी अठरा लिहिले ते अठरा लिहायचे होते म्हणून. तू तपासतेस की नाही ते बघायला. तुझं प्रदर्शन त्यामुळे हुकलं. तुला दुखापत झाली असती तर तीही त्यामुळेच झाली असती. यात वयाचा काही संबंध नाही. पंचविसाव्या वर्षीही मी हेच केलं असतं.

तू तपासलंस. उत्तीर्ण झालीस. हे मी दुसऱ्या कुणाला आजवर लिहिलेलं नाही.

तू बावीस केलेस. एक सूत जास्त आहे. चालेल.

खुर्ची काढून टाक. गिलला आणि बोर्बाला खरं काय ते कळव, लवकर.

हर्मीनियो टोस्ते


टुलेरी, २३ जून

नेलिया,

गिलला तू कळवलंस, त्याबद्दल आभार. तो आता केक आणत नाही. येतही नाही. बोर्बाने टेप खिशात ठेवलाय आणि गाडी विसेलियाच्या गॅरेजात टाकलीय. पण आकड्याबद्दल आता कुणी काही बोलत नाही, ते साफ झालं.

काल तू येशील असं आई म्हणाली नव्हती. बॅगा भरलेल्या दिसल्या तेव्हा कळलं. फेस्ताचं जेवण आटोपून लोक हॉलवरून घरी चालले होते. तू हॉलवर गेली नव्हतीस, आमच्या दारातही आली नाहीस. गाडी रस्त्याच्या कडेला उभी केलीस आणि काचेतून समोर बघत बसलीस. सगळे अशी गाडी थांबवली की लगेच खाली टेकवतात, बघणाऱ्यांसाठी. तू टेकवली नाहीस. चालायच्याच उंचीला ठेवलीस.

एफ्रेनने आईच्या तीन बॅगा उचलल्या. मला ‘नमस्कार, सेन्योर टोस्ते’ म्हणाला. आवाज खरंच गोड आहे.

आई दारात थांबली. मला वाटलं काही बोलेल. म्हणाली, “सूप फ्रीजमध्ये आहे. तीन दिवस पुरेल. चौथ्या दिवशी टाकून दे, खाऊ नकोस.”

“कधी येशील?”

“माप तूच घेतोस ना सगळ्याचं,” ती म्हणाली. “हेही घे.”

मी तुझ्या खिडकीशी आलो. तू काच खाली केलीस, अर्धी.

“खालून बघू दे,” मी म्हणालो.

“बघा.”

मी मागे गेलो, एक गुडघा टेकला. तेवढ्यात तू दार उघडून उतरलीस.

“पप्पा, थांबा. आधी घोड्या लावा.”

खरं म्हणजे हे मला कुणी सांगायला नको. हवेवर उभ्या गाडीखाली लोखंडी घोड्यांचा आधार लावल्याशिवाय शिरायचं नाही, हे मी तुला तू नऊ वर्षांची असताना शिकवलं. एक बटण दाबलं, किंवा एक नळी सुटली, की अख्खी गाडी जमिनीला टेकते, मध्ये माणूस असो की कुत्रं.

“असू दे,” मी म्हणालो. “तू बटणाला हात लावणार नाहीस. तेवढा भरवसा आहे माझा तुझ्यावर.”

“नका ठेवू,” तू म्हणालीस. “मी ठेवून बघितलाय. घोड्या आणा.”

तू ओरडली असतीस तर मी तसाच खाली शिरलो असतो. तू ओरडली नाहीस.

मी घोड्या आणायला आत गेलो. त्या मागच्या भिंतीशी होत्या. एक पाचव्या खाचेवर होती, दुसरी सहाव्या. अशी जोडी तुझ्या गाडीखाली लावणं शोभलं नसतं, गाडी तिरकी बसली असती आणि मापं चुकली असती. दोन्ही एका उंचीला केल्या. एकीची खीळ गंजून घट्ट बसली होती, ती हातोडीने ठोकून काढली, पुसली, पुन्हा घातली. चार मिनिटं लागली असतील. पाच नक्की नाहीत.

बाहेर आलो तर रस्ता मोकळा होता. समोरच्या अंगणात बोर्बाची बायको नळीने झाडांना पाणी घालत होती. माझ्या दोन्ही हातांत घोड्या बघून तिने पाठ फिरवली आणि ज्या झाडाला पाणी घातलं होतं त्यालाच पुन्हा घालायला लागली.

मी तुझं काम खालून पाहिलेलं नाही. बरं आहे की वाईट, ते मला सांगता येणार नाही. न पाहिलेल्या कामावर मी मत देत नाही.

हर्मीनियो टोस्ते